सावली आपल्या बाजूला

वामननाना चौधरी गेल्या महिन्यात मंगळवारी सकाळी नशिराबादला वारले. मळ्यातून येऊन ओट्यावर टेकले, पत्नी अक्कांकडे पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. जळगावच्या आमच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: ‘हवाई दलातील निवृत्त कर्मचारी’. त्या मीच लिहिल्या. चुकीच्या नव्हत्या, अपुऱ्या होत्या.

नाना हवाई दलाच्या गुप्तवार्ता शाखेत फोटो वाचत. सुरुवातीच्या काळात पायलट शत्रूचा मुलूख पाहून येई आणि आठवेल तसं सांगे, असं ते सांगायचे. मग विमानांच्या पोटाला कॅमेरे आले आणि ते फोटो वाचणारी माणसं लागली. कालचा फोटो, आजचा फोटो आणि भिंग. नवा रस्ता कुठे, झाकलेली तोफ कुठे. त्यांनी लिहिलेल्या कागदाच्या भरवशावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी उडत असे... ठिकाण, वर्ष त्यांनी कधी सांगितलं नाही. मळ्यातही त्यांची नजर तीच होती. केळीच्या पानांचा रंग पाहून पाणी कुठे तुंबलंय ते बांधावरूनच सांगत.

आमची ओळख ऐंशीच्या दशकात माझ्या चुकीमुळे झाली. सोनगीरच्या किल्ल्यावरून टिपलेला कोरड्या तळ्याचा फोटो आम्ही उलटा छापला होता. नाना अंक घेऊन कचेरीत आले.

“भाऊ, तुमचं तळं टेकडी होऊन बसलंय.” त्यांनी पान फिरवलं, टेकडीचा खड्डा झाला. “सावली आपल्या बाजूला पडेल असा धरायचा. नाहीतर डोळा फसतो.”

नव्वदच्या दशकात मी त्यांच्यावर लेख लिहायचं ठरवलं. “लिही. पण आधी माझी चूक छाप,” ते म्हणाले.

चूक अशी: युद्धाच्या दिवसांत, घाईत, त्यांनी एक फोटो उलटा धरला. विटांसाठी खणलेले खड्डे त्यांना तोफांपुढचे मातीचे बांध वाटले. सकाळी एक पायलट तिकडे गेला. तोफा नव्हत्याच, परतताना विमानाला गोळी लागली आणि त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. वरिष्ठांनी कारण विचारल्यावर नानांनी लिहून दिलं: फोटो धूसर होता.

“धूसर नव्हता रे... लख्ख होता.”

खातरजमेसाठी मी पायलटचं नाव मागितलं. त्यांनी दिलं नाही. मी लेख छापला नाही.

तेराव्यानंतर अक्कांना भेटायला गेलो. त्या कच्च्या केळ्यांच्या करंडीवर गोणपाट शिवत होत्या. दर वर्षी अशी एक करंडी भुसावळहून रेल्वेने एका पत्त्यावर जाई. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं ‘शेतकरी, नशिराबाद’. पत्ता अक्का लिहीत.

“कोणाचा हा पत्ता?”

“हात गेलेल्या पायलटचा. मले बठ्ठं, समदं ठाऊक हाये. तू मले कधी इचारलंच नाही, पेपरवाल्या!” मग हळू आवाजात: “दरसाल म्हनत, नाव नको टाकू, आधी चिठ्ठी लिहितो. लिव्हली, अन् ठेवली भिंगाच्या डबीत.”

त्यांनी डबीतून चिठ्ठी काढली. तिच्यात दोन वाक्यं होती. ‘फोटो धूसर नव्हता. मी उलटा धरला होता.’ अक्कांनी ती केळीच्या पानात गुंडाळून वर ठेवली आणि करंडीचं तोंड शिवलं.

गुरुवारी भुसावळच्या पार्सल ऑफिसात आम्ही करंडी दिली. कारकुनाने पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, अक्कांनी सांगितलं. पावती माझ्यापुढे आहे. पाठवणार: वामन चौधरी, नशिराबाद.