निरीक्षकाच्या खुर्चीतून दिसलेला दिनकर

आमचा पंच दिनकर तामोरे गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बोईसरच्या मैदानावर एका फुटबॉल मॅचला निरीक्षक म्हणून बसलो होतो. दुसरा हाफ चालू होता. फोन त्याच्या मेहुण्याचा. "अण्णा, भावजी गेले... जेवले आन् बसल्या जागी गेले." मी बरं म्हटलं, फोन खिशात टाकला आणि मॅच संपेपर्यंत उठलो नाही. त्यावरून नंतर चार लोक मला बोलले. बोलू देत. निरीक्षकाने मधेच खुर्ची सोडली तर खाली धावणाऱ्या पंचाचं त्या वर्षापुरतं वाटोळं होतं, आणि हे दिनकरला त्या चौघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मोठी मॅच कुठल्या पंचाला द्यायची हे कसं ठरतं, ते बहुतेकांना माहीत नसतं. वशिला असणार, असं टपरीवर छातीठोकपणे सांगितलं जातं. निदान आमच्याकडे तरी तसं नाही. प्रत्येक महत्त्वाच्या मॅचला स्टँडमध्ये एक निरीक्षक बसतो. तो खेळाकडे कमी आणि पंचाकडे जास्त बघतो. पंच चेंडूच्या किती जवळ होता, खेळाडू अंगावर धावून आले तेव्हा मागे सरला का, लाइनवरच्या सहायकाकडे वेळेवर बघितलं का, कार्ड रागाने काढलं की विचाराने... या सगळ्याचे दहापैकी मार्क. चांगल्या पंचांमध्ये फरक पडतो तो दशांशाचा. शिवाय धावण्याची परीक्षा. आणि एवढं करून फायनलला पोचलेल्या दोन संघांपैकी एखादा संघ पंचाच्याच जिल्ह्याचा निघाला, तर तो पंच बाद. हे सगळं जुळून आलं तर राज्य स्पर्धेची फायनल मिळते. दिनकरला ती फायनल हवी होती. बोईसरच्या कारखान्यात तो शिफ्ट करायचा, घिवलीला घर, दोन मुली, सगळं ठीक चाललेलं. पण विचारलंत तर हवी होती ती एकच गोष्ट.

मी मूळचा कोल्हापूरचा, विजेच्या प्रकल्पातल्या नोकरीमुळे इकडे आलो आणि इकडचाच झालो. कोल्हापूरकराला फुटबॉल कुणी शिकवायला नको, असं मी दिनकरला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. तो हसला. "मग या की एडवनला. आमचा पन बगा." गेलो. ओहोटी लागून वाळू घट्ट झाली की किनाऱ्यावर गोलपोस्ट रोवायचे आणि भरतीचं पाणी चढायच्या आत स्पर्धा उरकायची, अशी तिथली रीत. पंच दिनकर. कुणी पडलं, लागलं, भांडण झालं, तरी वेळ वाढवून द्यायचा नाही; कारण पाणी थांबणार नाही. हरणाऱ्यांनी कितीही बोंब मारली तरी गोलपोस्ट उपटून न्यावेच लागत. मला ते भलतंच आवडलं. पण ही सवय याच्या अंगात किती मुरली आहे, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते राज्य स्पर्धेच्या सेमीफायनलला. दिनकर मैदानात, मी खुर्चीत. आमची दोस्ती सगळ्यांना माहीत होती, पण या खेळात सगळेच एकमेकांना ओळखतात. परके निरीक्षक आणायचे कुठून? त्या दिवशी तो सुरेख धावला. खेळ चालू असताना एका बचावपटूचा पाय मुरगळला, स्ट्रेचर आलं, बराच वेळ खेळ थांबला. तेवढा वेळ शेवटी जोडून द्यायला हवा होता. हरणारा संघ एका गोलने मागे, कॉर्नर घेण्यासाठी सगळे पुढे आलेले, आणि या गड्याने घड्याळ बघून खुशाल लांब शिट्टी मारली! मैदानावर समुद्र नव्हता, पण याच्या डोक्यात भरती लागलेली. हरलेल्या पोरांनी त्याला घेरलं. तो शांत उभा राहिला, एक पाऊल मागे सरला नाही. त्याचे पूर्ण मार्क मी दिले. वेळेचे कापले. फायनल दुसऱ्याला गेली.

"अण्णा, तुमी बसला म्हनून गेली," तो म्हणाला.

"तू शिट्टी लवकर मारलीस म्हणून गेली," मी म्हणालो.

त्यानंतर कित्येक महिने तो माझ्याकडे फिरकला नाही. मीही गेलो नाही. मला काय पडली होती?

पुढच्या वर्षी पुन्हा त्याची सेमीफायनल आणि पुन्हा निरीक्षक मी. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. निरीक्षक नेमणाऱ्या आमच्या संघटनेच्या सेक्रेटरीला दुसरी गंमत सुचत नाही की काय, म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दिनकर तोवर बदलला होता. वेळ नीट जोडून द्यायचा. पण आता कार्ड काढायला उशीर करायचा, मग तिथे मार्क जायचे. मॅच संपली की वर येऊन माझ्यासमोर उभा राहायचा. मी चुका सांगायचो, तो ऐकायचा, मग आम्ही एकत्र वडापाव खायचो. त्याचा राग कधी गेला ते मला कळलंच नाही.

गेल्या वर्षी मात्र मला कापायला काही सापडलं नाही. मी आजवर कुणालाही दिले नव्हते इतके मार्क त्याला दिले. वयामुळे त्याची ती शेवटचीच स्पर्धा. दुसऱ्या सेमीफायनलला आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, आणि आमच्याच पालघर जिल्ह्याच्या संघाने शेवटी शेवटी गोल मारून फायनल गाठली. आता फायनलला पालघरचा पंच चालणार नव्हता. आजूबाजूचे सगळे नाचत होते. दिनकर उठला, टाळ्या वाजवल्या आणि खाली बसला. "आपली पोरं हायेत," एवढंच म्हणाला. मला त्या गोलाचा भयंकर संताप आला. आपल्याच जिल्ह्याच्या गोलाचा!

दिवसकार्य उरकल्यावर मी घिवलीला गेलो. सुनंदावहिनींनी ओटीवर चहा आणून दिला आणि समोर बसल्या.

"अण्णा, तुमाला म्हाईत नाय. दर सालाला हे सेक्रेटरीला फोन करायचे. माजी सेमीफायनल असल तर अण्णांनाच बसवा, म्हनून सांगायचे. मी म्हनायची, येडे झालात का? त्यांनीच तुमची फायनल घालवली ना? तर म्हनायचे... दुसऱ्याने मार्क दिले तर फायनल भेटल, पन मी त्या लायक होतो का, ते नाय कळनार. अण्णाने दिले तर कळल."

मी चहा संपवला. मुलींची चौकशी केली, निघालो. एसटीच्या स्टॉपपर्यंत मी व्यवस्थित होतो. तिथे मात्र रडू आलं, आणि गाडी आली तरी आवरलं नाही.

परवा सेक्रेटरीचा फोन आला. स्पर्धा जवळ आली आहे. "अण्णा, यंदा तुम्हाला कुठली मॅच देऊ?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता. म्हटलं, आता कुठलीही द्या.