काळजाचा आवाज वापस टाका!

जिनिंगवाल्याच्या कपड्याला रुई चिकटते, तसे किस्से चिकटतात. कितीही झटका, चार राहतातच! हे चार आमच्या डॉक्टरसाहेबांचे.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. हे तरुण डॉक्टर नागपूरहून राळेगावला आले. पोरांना ताप येतो, सांधे सुजतात, मग काळीज बिघडतं. ते का, हे त्यांचं संशोधन. सोबत काळजाचे ठोके भरून घेणारा टेपरेकॉर्डर. वीज फक्त माझ्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात, म्हणून मुक्काम माझ्याकडे.

* * *

एका म्हाताऱ्याला डॉक्टर समजावत होते, "बाबा, काळजात बारीक दारं असतात. तुमच्या नातवाचं एक दार नीट लागत नाही."

"मंग सुताराले काहून नाही बोलावत?"

* * *

टेप लावली की शेडभर धडधड घुमायची. एकदा कापसाच्या बंडीचे बैल फाटकातच अडले. काही केल्या आत येईनात.

"शेठजी, आत कोन्तं जनावर बांधलं जी?"

"जनावर नाही रे, सहा वर्षांचं पोरगं आहे!"

मग गाडीवानही आत आला नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी त्याच पोराची आई भांडायला हजर. "पोराचा आवाज डब्ब्यात ठेवला तुमी! कालपासून जेवून नाही राह्यलं. वापस टाका!"

डॉक्टरांनी हसू दाबलं, यंत्र पोराच्या छातीशी नेऊन टेप वाजवली. पोरगं उठून बसलं. "माय, भाकर दे."

तेव्हापासून प्रत्येक पोराचा आवाज 'वापस' करायचा नियमच झाला!

* * *

तांड्यावरची झुमकी मात्र आवाज भरून गेली ती परत आलीच नाही. ताप काळजात उतरला, पोर गेली. महिन्याने तिची आई सोनीबाई एकटी आली.

"माह्या पोरीचा आवाज तुमच्याजवळच राह्यला, साहेब. एकडाव आयकू द्या."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला बाजूला नेऊन म्हणाले, "शेठजी, टेप कमी पडली होती. झुमकीच्या आवाजावरच दुसरं पोर भरलंय. तिचा पुसला गेला."

मी व्यापारी माणूस. "तीच लावा. तिला काय कळतं?"

टेप फिरू लागली. सोनीबाईने यंत्राला कान लावला. बराच वेळ.

"हे माही झुमकी नोय."

मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "चूप राहा, शेठजी. हे पोरगं पयले हाय. त्याच्या मांगून ते येऊन राह्यली."

डॉक्टरांना सहन होईना. त्यांनी बटण बंद करून वायरच उपटली. चाकं थांबली. शेडमध्ये सगळं शांत.

सोनीबाईचा कान तिथेच. चेहऱ्यावर हसू.

"हं. आता एकलीच हाय."

डॉक्टर खाली वाकले, यंत्राच्या दुसऱ्या बाजूला कान लावला, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागले.