मुकी बरणी

तातेराव गावाला पाणी सोडायचे. भोकरदनच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच मिरची दिसते, त्यातलंच त्यांचं गाव. सकाळी व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघाले की बायका नळाखाली हंडे लावायच्या. एकोणीस वर्षांत त्यांचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. ज्याच्या हातात गावाचं पाणी त्याला बोलायची गरज नसते, असं गाव म्हणायचं. खरं कारण असं, की त्या घरात बोलण्याचं खातं त्यांच्या बायकोकडं, आसराबाईंकडं होतं.

तातेरावांचा सगळा अभिमान टाकीत होता. पाण्यातले जंतू मारायची टीसीएलची पावडर ते स्वतःच्या हातानं मोजून टाकत. आरोग्यसेवकानं शिशीत पाणी घेऊन थेंब टाकले आणि ते पिवळं झालं, की तातेराव अशा चेहऱ्यानं उभे राहत, जणू पोरगं बोर्डात आलं.

आसराबाईंचा अभिमान बरणीत होता. हिरव्या जाड मिरच्यांना उभी चीर द्यायची, मीठ आणि मोहरीची पूड भरायची, वरून खाऱ्या पाण्यात बुडवायच्या, धुतलेला दगड ठेवायचा आणि फडकं बांधायचं. पाणी मळ्यातल्या विहिरीचंच, तेही कच्चं. चौथ्या दिवशी आसराबाई बरणीला कान लावत. आत बारीक बुडबुडे फुटायचे. "बोलून राह्यली," एवढं त्या म्हणाल्या, की मिरची जमली असं समजायचं. अर्ध्या गावाच्या भाकरीला ही आंबूस मिरची लागायची.

दोन हजार चारच्या अधिक श्रावणात जावई धोंड्याच्या जेवणाला यायचा होता. त्याला पुरणाआधी मिरची लागे. त्याच वर्षी आसराबाईंनी बरणी सुनेच्या हाती दिली. उषाला लग्न होऊन पाचच महिने झाले होते. तिजोरीच्या किल्ल्या मिळाल्या असत्या तरी ती एवढी घाबरली नसती.

पाणी आणायला तातेराव सायकलला हंडा बांधून निघाले. मळ्याच्या वाटेला घोट्याएवढा चिखल, त्यात उजवा गुडघा कुरकुरत होता. वाटेत टाकी लागली. ते थांबले. विहिरीत तर बेडकं पोहतात, त्यांनी मनात हिशेब केला, आपल्या टाकीत बेडूक दोन मिनिटं टिकायचं नाही. शेजारच्या गावात जुलाबाची साथ होती, म्हणून आज पावडरही दुप्पट पडली होती. इतकं चोख पाणी मिरचीच्या नशिबी कधी आलं असतं? त्यांनी हंडा भरला आणि घरी येऊन मुकाट्यानं ठेवून दिला.

उषानं बरणी भरली. चौथ्या दिवशी आसराबाईंनी कान लावला. उजवा लावला, मग डावा. आत एक बुडबुडा नव्हता. पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी त्यांच्या जाऊ गोपिकाबाई विरजण मागायला आल्या आणि बरणीवर दोन बोटं वाजवून म्हणाल्या, "नव्या हाताचं आसं राहतंय बाई. कोणाचा हात जिता आसतो, कोणाचा न्हाई."

आसराबाईंनी उलटून उत्तर दिलं नाही. एरवी गोपिकाबाईंना त्या उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत पुरून उरत. त्या गप्प राहिल्या, तशी चुलीपुढच्या उषाची भाकरी तव्यावरच करपली. त्या दिवसापासून पोरीचं जेवण तुटलं.

सातव्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तातेरावांनीच बरणीला कान लावला. आत विहिरीच्या तळासारखी शांतता. मग त्यांनी फडकं सैल करून वास घेतला आणि झटका बसल्यासारखे मागं सरले. आंबट वासाचा पत्ता नव्हता. मिठा-मोहरीच्या आडून एक ओळखीचा वास येत होता. एकोणीस वर्षं तो त्यांच्या सदऱ्याला होता.

आता सांगायचं कसं? रात्रीच्या भाकरीला तोंड उघडलं, तर आसराबाई म्हणाल्या, "कालवण वाढू का?" तातेराव म्हणाले, "वाढ."

दुसऱ्या दिवशी जावई यायचा होता, म्हणून सकाळीच गोपिकाबाई पुरण शिजवायला हजर. आसराबाईंनी बरणी उचलून अंगणात आणली.

"वतून देते," त्या म्हणाल्या. "आन् येत्या सालापासून मीच भरीन."

दारात उषा पिशवी घेऊन उभी होती. डोळे कोरडे, पण सुजलेले. "मामा, मला वडीगोद्रीच्या रस्त्याला लावून देता का? आईकडं जाते चार दिवस."

नणंदेचा नवरा जेवायला येणार आणि घरची सून त्याच दिवशी माहेरी जाणार. ते चार दिवस किती लांबतील, हे अंगणातल्या चौघांनाही कळलं होतं. तातेरावांच्या हातात सायकल होती. त्यांनी ती भिंतीला टेकवली.

"पाणी हिरीचं नव्हतं," ते म्हणाले.

आसराबाईंनी बरणी तिरपी धरली होती, ती तशीच राहिली. "काय म्हणले?"

"टाकीचं व्हतं. गुडघा दुखू लागल्ता. त्या दिवशी पावडर बी डबल टाकल्ती."

तातेरावांना एकोणीस वर्षांची टाकी एकदम डोक्यावर आल्यासारखी वाटली.

"म्हंजी गावाचे जंतू मारता मारता," आसराबाई सावकाश म्हणाल्या, "माह्या मिरचीचा बी जीव घेतला तुमी. आन् दोन दिस ही पोरगी उपाशी, तरी तोंडातून शबूद न्हाई."

"व्हय."

"तरी हाताचं बी आसतंच थोडंफार," गोपिकाबाई पुटपुटल्या.

"तुमी पुरण बघा, बाई. लागंल खाली." आसराबाईंनी बरणी नालीत रिकामी केली, उषाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिच्या जागी बरणी धुऊन दिली. "भर. तूच भर. पाणी येतंय."

पाणी म्हणजे तातेराव. गुडघा धरून ते मळ्यात गेले आणि बेडकांसकट असावा असा हंडा घेऊन आले.

दुपारी जावयानं पुरणाआधी ताटात नजर फिरवली. "मामी, मिरची?"

"सूनबाईनं घातलीय. यिल पुढच्या आठवड्यात," आसराबाई म्हणाल्या, गोपिकाबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं.

चौथ्या सकाळी तातेराव पाणी सोडून आले, तेव्हा सासूसुना बरणीच्या दोन बाजूंना कान लावून बसल्या होत्या. उषा हसत होती. तातेरावही चावी टेकवून वाकले.

"तुमी लांबच ऱ्हावा," आसराबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "सदऱ्याला पावडरीचा वास येतो. पुन्हा गप होईल ती."