दहा पावसाळ्यांची बॅग

माझ्या बाबांना खोटं बोलता येत नाही, असं गोंडपिपरीत लोक कौतुकानं म्हणायचे. कौतुक करणाऱ्यांचं काय जातं? घर आमचं होतं, गिऱ्हाईक आमचं तुटायचं, आणि चिडचिड माझी आणि आईची व्हायची.

बाबांचं नाव मुखरू. बसस्टँडच्या भिंतीला लागून त्यांची टिनाची टपरी आहे. शाळेच्या दप्तरांचे बंद, बॅगांच्या चेन, तुटलेले रनर, मोटारसायकलच्या सीटचं रेक्झिन, असलं सगळं ते शिवतात. पण त्याआधी अकरा वर्षं ते चेन्नईकडे एका कारखान्यात होते. आमच्याकडची कितीतरी माणसं बल्लारपूरहून गाडीत बसून तिकडे कामाला गेली, तसेच तेही गेले. त्या कारखान्यात बायकांच्या, बाहेरदेशी विकायला जाणाऱ्या बॅगा व्हायच्या. शेवटची चार वर्षं बाबा चेकिंगच्या टेबलावर होते. शिवून आलेली बॅग पाहायची आणि खोट असेल तर बाजूला टाकायची, एवढंच काम. आजीनं अंथरूण धरलं तेव्हा ते परत आले आणि ते टेबल जणू डोक्यात घेऊनच आले.

कोणी बॅग दिली की बाबा ती बाहेरून बघतच नाहीत. आधी हात आत. अस्तराचा कोपरा ओढून बघायचा, तिथं टाका सुटा लागला की अर्धा निकाल तिथंच. मग रनर एकाच बोटानं ढकलून बघायचा. चांगल्या चेनला दुसरा हात लागत नाही. मग अंगठ्याचं नख शिलाईवर ठेवून त्या रुंदीत किती टाके बसतात ते मोजायचं. मग कड वाकवून बघायची, रंग तडकतो का. सगळ्यात शेवटी बंद जिथं बॅगेला जोडलेला असतो ती जागा. "बाकी सारं दिखाव्याचं हाय," बाबा म्हणायचे, "वजन त्या चार बोटांच्या जागेवर राह्यते."

लोक विचारायचे, "भाऊ, ओरिजनल हाय का?" त्या शब्दाची बाबांना भारी चीड. कारखान्यात त्यांनी नावाजलेल्या नावाच्याही बॅगा बाजूला टाकल्या होत्या आणि बिननावाच्या चांगल्या पिशव्याही पाहिल्या होत्या. म्हणून ते ओरिजनल-डुप्लिकेट काही सांगायचे नाहीत. बॅग किती पावसाळे काढेल तेवढं सांगायचे. आमच्याकडे पावसात लोंबकळत बस पकडायची म्हणजे बॅगेची परीक्षाच. ही एक पावसाळ्याची, ती तीन पावसाळ्यांची. हळूहळू गावातच ते माप रूढ झालं. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुह्या बॅगले मुखरूभाऊनं किती सांगतले?" सगळ्यात जास्त सात मिळाले होते, तेही एका फॉरेस्टवाल्याच्या जुन्या कॅनव्हासच्या थैलीला.

यात कौतुक कसलं? एक मॅडम नागपूरहून आणलेली महागडी बॅग दाखवायला आल्या. पुढं पितळेची चकचकीत पट्टी, त्यावर इंग्रजी नाव. बाबांनी आत हात घातला आणि म्हणाले, "अर्धा पावसाळा, बाई. तेबी छत्री असली तं." मॅडम नंतर कितीतरी दिवस टपरीकडे फिरकल्या नाहीत, आणि त्यांच्या कॉलनीतलं एकही दप्तर नंतर आलं नाही. मी त्या दिवशी घरी कडाडले.

"काऊन बाबा, थोडं गोड बोलता येत नाई का तुमाले?"

"गोड बोलून टाका मजबूत होते का?"

स्वतः ते कॅनव्हासच्या अशा बॅगा शिवायचे की ओढून फाटू नयेत. त्या टपरीत टांगून राहायच्या. लोक हातात घ्यायचे, बरी आहे म्हणायचे आणि विचारायचे, "कोणत्या कंपनीची?" बाबा म्हणायचे, "माह्या." मग ते हसून खाली ठेवायचे. एकानं तर बाजारातून पितळी पट्टी आणून दिली. ही लावून द्या, मग घेतो म्हणाला. बाबांनी पट्टी परत केली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असलेल्यांना गिऱ्हाईक, आणि खरं सोनं खुंटीला. माझा जीव नुसता जळायचा, त्या लोकांवर आणि त्यांच्याइतकाच बाबांवर.

माझं लग्न ठरलं ते बल्लारपूरच्या अतुलशी. मोटार वाइंडिंगचं काम करतो. वडील लवकर गेले, आईनं, ललिताबाईंनी, भाजीच्या दुकानावर त्याला वाढवलं. मला तो आवडला होता. हे सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगून टाकते.

धान कापून झाल्यावर आमच्या दारात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. वराकडचे सामान घेऊन आले, आणि रीतीप्रमाणे ताटं मांडवात फिरवून सगळ्यांना दाखवली. साडी, जोडवी, मेकअपचा डबा. शेवटच्या ताटात एक बॅग होती. गडद लाल, पुढं पितळेची पट्टी.

"पुनमले कामावर न्याले," ललिताबाई म्हणाल्या. मी तहसीलसमोरच्या ऑनलाइन सेंटरात फॉर्म भरते, ते त्यांना ठाऊक होतं. "नागपूरची हाय. कंपनीची."

अतुलचा मावसभाऊ विक्की लगेच बोलला, "अरे, मुखरूभाऊले द्या ना. पावसाळे सांगतीन ते." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. सगळे हसले आणि बॅग हातोहात बाबांकडे गेली.

मी पाटावर बसले होते. कपाळाला नुकतं कुंकू लागलं होतं. बाबांचा हात आत गेला आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला त्यांचा चेहरा वाचता येतो. अस्तर सुटं निघालं, ते कळलं. रनर एका बोटानं सरकला नाही, तेही कळलं. त्यांनी कड वाकवली. मग बंदाच्या जागेवर बोट नेलं आणि तिथंच थांबले. तिथं नुसता गोंद होता आणि वर दिखाव्याची एकेरी शिलाई.

समोर चाळीस माणसं, निम्मी वराकडची. बाबांनी अर्धा पावसाळा म्हटलं असतं तर ललिताबाई चाळीस जणांत उघड्या पडल्या असत्या. इवायानं, म्हणजे व्याह्यानं, दारात बोलावून अपमान केला, असं झालं असतं. पुढं काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. इतकी थोडी की शेजारच्या बाईलाही दिसली नसेल, पण हलवली.

"दहा," बाबा म्हणाले.

"दहा काय जी?" विक्कीनं विचारलं.

"दहा पावसाळे."

मांडवात टाळ्या पडल्या. ललिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, माहा जीव लय धाकधूक करत होता," त्या म्हणाल्या. "मी अडाणी बाई. तीन घंटे उभी राह्यली त्या दुकानात. मले वाटे, फसवलं का काय आपल्याले." बाबांनी बॅग परत ताटात ठेवली. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

चार दिवसांनी त्यांनी माझ्याकडे बॅग मागितली. टपरीवर नेऊन पार उसवली. अस्तर बदललं, चेन बदलली, बंद आतून पट्टी घालून दुहेरी शिवला. बाहेरून ती तशीच दिसत होती. मी म्हटलं, कशाला एवढा खटाटोप, कोण बघणार आहे?

"बोललो ना मी दहा," ते म्हणाले. "मंग दहा तं निघाले पाह्यजे."

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण त्यांचा शब्द बल्लारपूरला पोचला होता. ललिताबाई दुकानावर येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या की आमचा इवाई मद्रासला चेकिंगवाला होता, त्यानं दहा सांगितले. विक्कीनं त्याच दुकानातून आणखी सहा बॅगा आणल्या. एक त्याच्या बायकोला, रीनाला, बाकीच्या आळीतल्या बायकांनी मागवल्या म्हणून. फाल्गुन उजाडेपर्यंत सहाच्या सहा गेल्या. कोणाची चेन, कोणाची कड. रीनाचा बंद बसमध्ये चढताना हातात आला. दुकानदारानं हात वर केले. बायका दुकानदाराशी भांडायला नागपूरला थोड्याच जाणार? त्या ललिताबाईंच्या दारात आल्या.

आणि ललिताबाई आमच्याकडे आल्या. घरी नाही, थेट टपरीवर. भर दुपारी, बसस्टँडवर गर्दी, बाजूला दादाजीच्या चहाच्या ठेल्यावर सहा-सात माणसं. मी बाबांचा डबा घेऊन तिथं पोचले तेव्हा रीनाची बॅग टपरीच्या फळीवर पडली होती आणि तुटलेला बंद ललिताबाईंच्या हातात होता.

त्या ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"भाऊ, मले एकच गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या. "तुमाले समजलं नव्हतं, का समजून सांगतलं नाई?"

दादाजीनं चहा गाळायचा थांबवला. सगळे ऐकत होते.

या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. समजलं होतं म्हणावं, तर बाबा चाळीस माणसांसमोर खोटं बोलले, आणि त्या खोट्यापायी सहा बायका बुडाल्या. ललिताबाईंनी ते गिळलं नसतं आणि गिळावं असंही मी म्हणणार नाही. समजलं नव्हतं म्हणावं, तर जन्मभर ज्यावर उभे राहिले तेच गेलं. तिसरं उत्तर माझ्याकडे होतं. बाबांना मी खुणावलं, चूक माझी आहे, एवढं मी बोलले असते तर झालं असतं. मी डबा खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मान त्यांनी हलवली.

"मले समजलं नाई, बाई," ते म्हणाले. "आता डोळे राह्यले नाईत पह्यल्यासारखे. टाका दिसत नाई. माह्या चुकीनं तुमचं नुकसान झालं. हे ठेवून जा, बाकीच्या बॅगाबी पाठवा, साऱ्या शिवून देतो."

ललिताबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्या खालच्या पायरीवर टेकल्या. "तसं होय तं सांगाचं ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आमाले येडे समजले तुमी. वय झालं की होते बाप्पा असं." दादाजीनं त्यांना चहा दिला. त्या जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

त्या गेल्यावर मी बाबांवर भडकले. चूक माझी, आणि भडकले मीच. काऊन म्हणालात तसं, मी सांगणार होते ना, असं काहीबाही. ते डब्याचं झाकण काढत म्हणाले, "तू सांगतलं असतं तं त्या घरी तुले जन्मभर ऐकावं लागलं असतं. मले इथी कोण काय म्हणते?"

कोण काय म्हणते ते आठवड्यात कळलं. दादाजीच्या ठेल्यावरून गोष्ट गावभर झाली. चेन बदलायला लोक येतात, बंद शिवायला येतात, पण बॅग पुढं करून किती पावसाळे म्हणून आता कोणी विचारत नाही. त्या अर्ध्या पावसाळ्याच्या बॅगवाल्या मॅडम आल्या होत्या म्हणे एकदा. त्यांनी हसून सांगितलं, "तेव्हाच कळलं होतं मला." बाबा त्यांनाही काही बोलले नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना गोड बोला म्हणत होते. आता ते गप्प राहतात, आणि ते मला बघवत नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. ललिताबाई भल्या आहेत, मला काही कमी पडू देत नाहीत. आळीतली कोणी नवी बॅग घेऊन आली आणि पुनमच्या बाबाले दाखवू का म्हणाली, की त्याच तिला समजावतात, "नको वं, त्यायले आता दिसत नाई. उगाच बिचाऱ्याले लाज वाटते." अगदी मायेनं सांगतात. माझे बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. या घरात ते फक्त मला माहीत आहे, आणि मी अजून बोललेली नाही.