धुराची लांब रेघ

जळक्या पालापाचोळ्याचा वास आला की मला तो उन्हाळा आठवतो. कळंबच्या एका ऑफिसात बसून मी उपग्रहाच्या चित्रांत वणव्याचा धूर शोधायचो. त्या दुपारी भीमाशंकरच्या बाजूला, भातखाचरांपासून पूर्वेकडे गेलेली धुराची लांब रेघ दिसली. पावसाआधी तिकडे रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पाला पसरून जमीन जाळतात. मी ‘राब’ अशी नोंद करून मोकळा झालो. संध्याकाळपर्यंत वरचं हिरड्याचं रान जळून गेलं. दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन ते चित्र दाखवलं, तेव्हा हिरडा गोळा करणारी एक बाई म्हणाली, “भाऊ, वारं असलं की आमी राब पेटवतच न्हाई. मग राबाचा धूर एवढा लांब जाईल कसा?” आता नोंद करण्याआधी मी तिला फोन लावतो आणि एवढंच विचारतो, “ताई, पान हलतंय का?”