अधिक महिन्यातले मासे

आकांक्षा पहिल्यापासून हुशार, पण मुलगी झाली आणि दोन वर्षं घरी राहिली. बस्स, तेवढ्यावर कंपन्यांनी तिला मोडीत काढलं! डेटा सायंटिस्टच्या जागेसाठी अर्ज केला की उत्तरच येईना.

शेवटी तिने एका ऑनलाइन स्पर्धेत नाव घातलं. घरपोच मासे विकणाऱ्या कंपनीने मुंबईतल्या विक्रीचे जुने आकडे दिले होते. त्यानंतरच्या वर्षाचे आकडे झाकून ठेवलेले. रोज किती मासे खपले, ते मॉडेल बनवून ओळखायचं. पहिल्या दहांना थेट मुलाखत. तिला तेवढंच हवं होतं.

अंदाज वेबसाइटवर चढवला की लगेच क्रमांक दिसायचा. पण गोम अशी, की तो फक्त पहिल्या सहा महिन्यांवरून. खरा निकाल उरलेल्या सहांवर, तोही स्पर्धा संपल्यावर. बाकीची मंडळी दिसणाऱ्या क्रमांकामागे धावत सुटली. आकांक्षाने श्रावणासाठी वेगळा रकाना केला. क्रमांक ढिम्म हलेना. हलेल कसा? श्रावण पहिल्या सहांत येतोच कुठे!

"काढून टाक ना तो रकाना," तिचा जुना सहकारी विहंग फोनवर म्हणाला. "उगाच टाइमपास."

"टाइमपास तुझा! जुन्या वर्षांवर तपासून बघितलंय मी."

पण झाकलेल्या वर्षात अधिक श्रावण होता, म्हणजे श्रावण दोनदा. जुन्या आकड्यांत तसं वर्षच नव्हतं. घरी दोन्ही महिने मासे बंद होते, म्हणून तिने बिनधास्त दोन्हीकडे विक्री पाडली. सासरे गुणाजी चहा पिता पिता तिचं फोनवरचं बोलणं ऐकत होते. ते हसले, "आपल्याकडे दोनय म्हयने बंद, म्हणान सगळो लालबाग मासे सोडता काय गो?"

आकांक्षाने कपाळावर हात मारला. अख्ख्या मुंबईला आपल्या घरचा नियम! लेकीला कडेवर घेऊन ती चाळभर दारोदार विचारत फिरली. बहुतेकांनी फक्त दुसरा, म्हणजे निज श्रावण पाळला होता. तिने अधिकातली विक्री थोडीशीच खाली ठेवली आणि तोच अंदाज कायम केला. दिसणारा क्रमांक दोनशेच्याही मागे होता.

निकाल लागला. श्रावण विसरलेल्या वरच्या नावांची पार धूळधाण, आणि आकांक्षा तिसरी! ती गॅलरीत येऊन अशी ओरडली की खालचे लोक वर बघायला लागले. गुणाजी काही न विचारता पिशवी घेऊन सुरमई आणायला निघाले.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "मधली दोन वर्षं काय करत होतात?"

"मुलगी वाढवत होते. तुमची स्पर्धाही तिला मांडीवर घेऊनच खेळले. बोला, कधीपासून येऊ?"

साहेब म्हणाले, "सोमवारपासून."