पोतंभर झिजलेल्या चेन

माझ्या आत्याचं नाव 'रॉकेलबाई' बाबांनीच पाडलं. आजोबांच्या सायकलदुकानात पुढे बाबा बसायचे आणि मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या बाकड्यावर, त्यांची धाकटी बहीण रॉकेलमध्ये चेन धूत असायची.

झिजलेली चेन आणि गिअरचे झिजलेले दाते एकमेकांना सरावलेले असतात. कुठली जुनी चेन कुठल्या जुन्या गिअरवर बसेल, हे आत्या अंगठा फिरवून सांगायची. तिनं लावलेली जोडी वर्षानुवर्षं कुरकुरत नसे. गिऱ्हाईक खूश होऊन विचारायचं, "कुणी केलं हो?" बाबा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "हात बसलाय माझा." करणारी मागे आणि मिरवणारा पुढे. मला तेव्हाही संताप यायचा.

आजोबा गेले आणि महिन्याभरात बाबांनी वाटणी केली. दुकान त्यांना. आत्याला पोतंभर झिजलेल्या चेन आणि दाते झिजलेले गिअर. "तुझा जीव भंगारातच रमतो," असं म्हणून वर हसलेसुद्धा. आत्या रडली नाही. पोतं खांद्यावर टाकून तिनं रस्ता ओलांडला आणि समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर बस्तान मांडलं. मला म्हणाली, "याचं नाक मी भर रस्त्यात कापणार. बघत राहा."

तिला फार वाट पाहावी लागली नाही. बाबांना जोडी लावता येत नव्हती. ते झिजलेल्या दात्यांवर सरळ चकचकीत नवी चेन चढवायचे. सपाटीवर ती गुमान चालते, चढावर जोर लावला की दात्यांवरून उडते. तिसऱ्याच आठवड्यात दवाखान्यातली नर्स गुडघा सोलून घेऊन सायकलीसकट ओट्यापाशी आली.

आत्यानं चेन उचलून पाहिली. "दहा मिनिटांचं काम आहे. पण सायकल त्यानं स्वतः ढकलत आणायची."

"अहो, मी आणलीये ना?"

"तुमच्यावर माझा राग नाही, बाई. तो आणेल तर करीन."

नर्स खमकी होती. सायकल घेऊन लंगडत परत गेली आणि बाबांच्या दुकानात ठाण मांडून बसली. तासाभरानं बाबा आले, मान खाली घालून, लेडीज सायकल ढकलत. रस्ता बघत होता.

"काय झालंय हिला?" आत्यानं विचारलं.

"चेन उडतेय."

"बसवली कुणी?"

बाबांनी सायकल स्टँडवर लावली.

"कुणी बसवली, दादा?"

"मी."

मग तिनं पोत्यातून जुळणारी चेन काढली आणि पाना हातात घेतला.

दोन वर्षं हे असंच चाललं. आठवड्याला तीन-चार सायकली, तेच प्रश्न, तीच उत्तरं. शिंपी म्हणायचा, "सख्खा भाऊ आहे, सोडून द्या आता." आत्या म्हणायची, "पोतं संपू दे." कॉलेजातून येताना मी मुद्दाम तिथे थांबायचे. बाबांची कीव यायला हवी होती. नाही आली.

एका सकाळी बाबा सायकल न घेता आले. "दुकानात परत ये," म्हणाले. "मागची खोली झाडून ठेवलीये. तुझं बाकडं तसंच आहे."

"मागची?" आत्यानं हात पुसले. पोत्याच्या तळाशी कुठेच न जुळलेल्या पाच-सहा चेन उरल्या होत्या. ते पोतं तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "येते. पण पुढे मी बसणार, मागे तू. हे घेऊन जा आणि जोड्या लावायला शीक."

बाबा साठीला शिकायला बसले. आता त्यांच्या हातांना रॉकेलचा वास येतो आणि ताट वाढताना आई नाक मुरडते.

परवा नर्स आली. नव्यानं लावलेल्या जोडीची चेन चढावर एकदाही उडाली नव्हती. "इतकं सुरेख कुणी केलं हो?" तिनं विचारलं.

मागच्या खोलीतला ब्रशचा आवाज थांबला. ती जोडी बाबांची होती. तीन दिवस खपून लावलेली, त्यांची पहिलीच बिनचूक जोडी. मला ते ठाऊक होतं. आत्यालाही होतं.

"हात बसलाय माझा," आत्या म्हणाली.